मॉरीनचं पोवळं

त्याला मी उपाशी ठेवलं नाही, एवढाच माझा गुन्हा. आणि तो काही लहान नव्हता.

पण आधी मी कोण ते सांगते, नाहीतर आमचे हे म्हणतील, "तू गोष्ट सांगायला लागलीस की ऐकणाऱ्याला वाऱ्यावर सोडतेस." मी सुहासिनी, राहणार कराड. आमच्या ह्यांचं, मोरेश्वररावांचं, स्टँडजवळ औषधांचं दुकान होतं. त्याच्याही आधी हे एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. बाटलीत गुलाबी औषध, बाटलीच्या अंगाला खाचा पाडलेली कागदाची पट्टी, एक खाच म्हणजे एका वेळचा डोस, तो जमाना. आमची एकुलती एक रेवती डॉक्टर झाली आणि आयर्लंडला ड्रोहेडाच्या हॉस्पिटलात लागली. लग्नाचं नाव काढलं की "आई, मला ड्यूटी आहे" म्हणते. २०११ च्या मे महिन्यात आम्ही दोघं तीन महिन्यांसाठी तिच्याकडे गेलो.

शेजारच्या घरात एमन म्हणून एक गृहस्थ एकटेच राहायचे. वय सत्तरीचं. पूर्वी बंदरावर क्रेन चालवायचे. आम्हाला जाऊन तीन दिवस झाले नव्हते, तर त्यांनी दारात येऊन चहाला बोलावलं. मी आपली रीतीप्रमाणे म्हणाले, "नो, नो." ते म्हणाले, घ्याल हो. मी पुन्हा "नो" म्हटलं. ते म्हणाले, घ्याल म्हणजे काय, घेणारच तुम्ही. तिसऱ्यांदा मी उठले. तिथे बिस्किटांची बशी माझ्यापुढे चार वेळा सरकली. मी "पुरे" म्हणून बशीवर हात आडवा धरला, तर त्यांनी हाताच्या कडेनं आणखी एक बिस्कीट सरकवलं. घरी येऊन मी रेवतीला सांगितलं, "अगं, हा तर आपल्यातलाच माणूस आहे!"

दुसऱ्या आठवड्यात त्यांना जेवायला बोलावलं आणि पुरणपोळी वाढली. ते "नो नो" करत होते. मी वाढत होते. समोरच्याच्या नकोला कधी किंमत द्यायची नसते, हे माझ्या आईनं मला परकर नेसायच्या वयात शिकवलं. माझ्या पंगतीतून कोणी अर्धपोटी उठलं असं आजवर झालेलं नाही. एमनरावांनी चार पोळ्या खाल्ल्या आणि पोटावर हात ठेवून म्हणाले, "ग्रँड." तिकडे सगळं ठीक असलं की लोक ग्रँडच म्हणतात.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की पुढे जे झालं ते कुठल्या हातांनी झालं, ते कळावं.

एमनरावांच्या बैठकीच्या खोलीत खिडकीपासून दूर एक काचेची टाकी होती. तीन फूट लांब, खाली पांढरी वाळू, आत खारं पाणी. मासे नाहीत. मधोमध नारळाएवढा एक तपकिरी गोळा, बस्स. मला वाटलं, मासे मेले असतील आणि ह्यांना आवरायचा कंटाळा आला असेल. मी तोंड वाकडं केलेलं एमनरावांनी पाहिलं असावं. त्यांनी घड्याळाकडे बोट दाखवलं, मला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः मागे उभे राहिले.

बरोबर दहा वाजता टाकीवरचा निळसर दिवा आपोआप लागला.

पहिली पाच मिनिटं काही नाही. मग त्या गोळ्याच्या अंगावर एक टोक वर आलं. शेजारी दुसरं. मग सगळ्या अंगावर पुळ्या उठाव्यात तशी टोकं उठली, लांबली, वर वर येत राहिली, आणि प्रत्येक टोकाला एक एक फूल उमललं. हिरवट देठ, फिकट पाकळ्या, मधे पांढरा ठिपका. शंभर तरी फुलं असतील, जास्तच. पाण्याच्या हलण्याबरोबर सगळी एका अंगाला झुकायची, परत यायची. अर्ध्या तासात त्या गोळ्याचा मागमूस राहिला नाही, नुसता ताटवा. मी तोंडाला पदर लावून बसले होते. माझ्या साठ वर्षांच्या आयुष्यात मी कशापुढे अशी गप्प बसले नव्हते.

"आई, ते कोरल आहे," शेजारी उभी असलेली रेवती म्हणाली. "प्रवाळ. पोवळं."

माझा हात गळ्याशी गेला. माझ्या मंगळसूत्रात दोन लाल पोवळी आहेत, सासूबाईंनी घातलेली. चाळीस वर्षं मी ती अंघोळीच्या वेळी साबणानं चोळतेय. ते कुणाचं तरी घर असतं, हाडूक असतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. झाड नाही, दगड नाही. चक्क प्राणी. आणि एक प्राणी नव्हे. ते प्रत्येक फूल म्हणजे एक तोंड, एक पोट, आणि सगळ्यांचा संसार एकत्र. हे दुपारभर रेवतीला प्रश्न विचारत राहिले आणि संध्याकाळी फिरताना मला म्हणाले, "अगं, त्याच्या कातडीत बारीक वनस्पती असतात. त्या उजेडातून साखर करतात आणि ह्याला देतात. ते प्रकाश खातं गं!" हे माणूस दुकानात चाळीस वर्षांत कधी हरखलेलं मी पाहिलं नव्हतं. बॉइन नदीच्या पुलावर थांबून स्वतःशीच म्हणाले, "प्रकाश खातं." मला त्यांचंही कौतुक वाटलं.

ते पोवळं एमनरावांच्या बायकोचं. मॉरीन तिचं नाव. तिनं ते लिंबाएवढं आणलं होतं आणि अकरा वर्षं वाढवलं. ह्या जातीचं पोवळं घरात वर्षभर टिकलं तरी डोक्यावरून पाणी, असं म्हणतात. मॉरीन तीन वर्षांपूर्वी गेली. मासेही एकेक करून गेले. उरलं ते हे.

जूनमध्ये एमनरावांच्या छातीत दुखायला लागलं. बायपास करायचं ठरलं, डब्लिनला. तिथे दहा दिवस आणि पुढे विश्रांतीच्या घरात चार आठवडे. ते किल्ली घेऊन आमच्या दारात आले.  रेवतीनं मला नंतर जसंच्या तसं सांगितलं: "माझं काय व्हायचं ते होऊ दे. मी परत येईन तेव्हा ती तिथे असली पाहिजे. मॉरीनचं माझ्याकडे दुसरं जिवंत असं काही नाही." ते पोवळ्याला 'ती' म्हणायचे.

मी रेवतीच्या आधी किल्लीला हात घातला. म्हटलं, "काळजी करू नका म्हणावं. माझ्या घरचं माणूस समजून सांभाळेन." अगदी तेच केलं मी, दुर्दैवानं.

त्यांच्या स्वयंपाकघरात कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला होता, मॉरीनच्या अक्षरात. रेवतीनं तो मराठीत लिहून दिला. खाणं आठवड्यातून एकदा, मोहरीएवढं. व्हिटॅमिन सीची पूड रोज, पाव छोटा चमचा, आधी खाण्याच्या सोड्याबरोबर कालवून, फेस पूर्ण मरेपर्यंत थांबून. जास्त नको. ह्या 'जास्त नको'खाली तिनं दोन रेघा मारल्या होत्या. आणि सगळ्यात शेवटी: रोज सकाळी वाळू बघ.

"सोडा!" हे एकदम खूष झाले. "बाई हुशार होती. आंबट औषध तसंच पाण्यात टाकलं तर त्या नाजूक जिवाला भाजेल. आम्ही मिक्श्चर असंच मारायचो." रोज पूड मोजण्यापेक्षा ह्यांनी एका तपकिरी बाटलीत चार दिवसांचं औषध तयार केलं, अंगाला कागदाची पट्टी डकवली आणि कात्रीनं चार खाचा पाडल्या. चार दिवसांपलीकडे ते टिकत नाही म्हणे, पिवळं पडतं. वाळूचं मात्र ह्यांनाही कळलं नाही. "घाण बसली का ते बघायचं असेल," म्हणाले.

पहिले दहा दिवस उत्तम गेले. एमनरावांचं ऑपरेशनही नीट झालं. आम्ही रोज दहाला जाऊन बसायचो. हे औषध घालायचे, मी फुलांशी बोलायचे. बोलायचे म्हणजे काय, आज काय भाजी केली, पाऊस कसा पडतोय, रेवती कशी वाळलीय. एकदा चष्मा लावून मी एका फुलाच्या पाकळ्या मोजल्या. चोवीस. शेजारच्याच्याही चोवीस. मी सात फुलं मोजली, सगळ्यांच्या चोवीस. ह्या थंड गावात, ह्या काचेत, कुणी बघायला नसताना कोण बाई ह्यांना मोजून देतं? मला त्या दिवशी जेवण गेलं नाही, इतकं भरून आलं होतं.

मग ह्यांचा भाचा आशिष आला. तो तिकडे कॉर्कजवळ रिंगास्किडीला औषधांच्या कारखान्यात आहे. मामांना कारखाना बाहेरून का होईना दाखवायचा म्हणून हट्टानं चार दिवसांसाठी घेऊन गेला. हे जाताना नवी बाटली करून गेले. चार खाचा. मला दहा वेळा बजावलं, "एक खाच, सुहास. एकच."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?" मी म्हणाले.

पहिल्या दिवशी ढगाळ होतं. दहाला दिवा लागला आणि फुलं अर्धीच आली. दमल्यासारखी. मी खाच मोजून औषध घातलं. दुपारी परत जाऊन पाहिलं, तशीच. आता हे मला नंतर कळलं की पोवळं अधूनमधून असं आखडतं, अंगावरचा थर टाकतं आणि दोन दिवसांत आपोआप फुलतं. त्याला फक्त एकटं सोडायचं. पण एकटं सोडणं मला माहीतच नाही. माझ्या दारात कोणी सुकलेल्या तोंडानं आलं की माझा हात आधी डब्याकडे जातो.

आठवड्यातून एकदा मोहरीएवढं! मेलं ते काय खाणं झालं? मी कागद पुन्हा वाचला आणि मनात म्हणाले, मॉरीनबाई, तुम्ही शिकलेल्या असाल, पण चार मुलांना जेवू घातलेल्या बाईनं लिहिलेलं नाही हे. आणि मी त्यांच्या डब्यातलं मासळीचं खाणं चमचाभर घातलं. औषधाची दुसरी खाच ओतली. संध्याकाळपर्यंत एक दोन फुलं जास्त आल्यासारखी वाटली. झालं, मला जोर चढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेल्या दोन खाचाही ओतल्या आणि बाटली संपली. पूड कुठे ठेवलीय ते ह्यांनी सांगितलं नव्हतं, मुद्दामच सांगितलं नसेल. पण आमच्या बॅगेत कराडहून आणलेल्या चघळायच्या व्हिटॅमिन सीच्या गोळ्या होत्या, संत्र्याच्या चवीच्या. सर्दी झाली की आम्ही त्याच घेतो. म्हटलं, सी म्हणजे सी. खलबत्त्यात पंधरा गोळ्या कुटल्या, सोड्याबरोबर कालवल्या, फेस मरेपर्यंत थांबले सुद्धा, आणि ओतल्या. वर खाणं एक चमचा. मग माझं आपलं पंगतीतलं सुरू झालं: हा एमनरावांचा घास, हा मॉरीनचा, हा माझा. ते नको म्हणणार कसं? त्याला तोंडं शंभर, पण नको म्हणायला एकही नाही. तिसऱ्या दिवशीही मी तेच केलं.

चौथ्या दिवशी सकाळी दार उघडलं आणि वास आला. टाकीतलं पाणी ताकासारखं पांढरं झालं होतं. दिवा लागला. एकही फूल आलं नाही. मी काचेला नाक लावून पाहिलं, तर गोळ्याच्या एका अंगाची कातडी सुटून लोंबत होती आणि खालून पांढरं हाड दिसत होतं.

 मी तिथेच जमिनीवर बसले.

हे दुपारी आले. पाण्यात बोट बुडवून वास घेतला, माझ्याकडे पाहिलं. कचऱ्यात गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या होत्याच. मला वाटलं आता आरडाओरडा होणार, आणि व्हावा असंच वाटत होतं. पण हे इतकंच म्हणाले, "ह्यात साखर असते, सुहास. साखर पाण्यातल्या जंतूंनी खाल्ली. ते कोटींनी वाढले आणि पाण्यातली हवा संपवली. त्याचा श्वास कोंडलाय." आणि बाह्या सरसावल्या.

मागच्या शेडमध्ये एमनरावांचं समुद्री मिठाचं पिंप आणि गाळलेल्या पाण्याचे कॅन होते. रेवती ड्यूटीवरून थेट आली, कपडेही न बदलता बादल्या उचलायला लागली. रोज तिसरा हिस्सा पाणी काढायचं, नवं घालायचं. हवेचा पंप लावला. औषध पूर्ण बंद. पाच दिवसांनी पाणी निवळलं तेव्हा दिसलं ते असं: गोळ्याचा दोन तृतीयांश भाग नुसता पांढरा, वाळलेल्या दोडक्याच्या आतल्यासारखा जाळीदार. एका बाजूला तळहाताएवढी तपकिरी कातडी शिल्लक. ती जिवंत आहे की नाही, कोण सांगणार!

मग ह्यांनी औषध परत सुरू केलं. पट्टीवर आता चार नव्हे, वीस खाचा पाडल्या, इतक्या बारीक की मला चष्म्याशिवाय दिसेनात; उरलेलं औषध चौथ्या दिवशी सिंकमध्ये ओतून नवं करायचे. "अशक्त रोग्याला पूर्ण डोस देत नाहीत. ह्यानं सोसलं की अर्धी खाच वाढवायची. नाही सोसलं की मागे यायचं." मला बाटलीला हात लावायची बंदी. खाण्याच्या डब्याला बंदी. मी विचारलं, "मग मी काय करू?" हे कागदाकडे बघून म्हणाले, "वाळू बघ."

चेष्टेत म्हणाले असतील. पण मी ती शिक्षा म्हणून घेतली. रोज सकाळी मी जायचे, गुडघे दुमडून बसायचे आणि वाळू बघायचे.

एमनरावांचा फोन यायचा. रेवती बोलायची. पहिला प्रश्न तोच, ती कशी आहे? रेवतीनं माझ्याकडे पाहिलं. मी नकाराची मान हलवली. काय सांगणार, उघड्या छातीच्या माणसाला? "शी'ज ग्रँड, एमन," रेवती म्हणाली आणि फोन ठेवून माझ्यावर कडाडली, "आई, मी पेशंटशी खोटं बोलत नाही. तुझ्यासाठी बोलले. ते आले की तू सांगायचंस. तू." बरोबरच होतं तिचं. 

हळूहळू त्या तळहाताएवढ्या कातडीवर टोकं दिसायला लागली. आधी तीन. मग नऊ. हे रोज वहीत लिहायचे, दुकानात लिहायचे तसं. शेवटच्या आठवड्यात बावीस फुलं यायला लागली. आखूड, पण यायची. शंभराच्या ठिकाणी बावीस. बाकी सगळं पांढरं हाड. हे एमनरावांना काय म्हणून दाखवायचं?

ते यायच्या दिवशी मी साडेनऊलाच जाऊन बसले. दिवा लागायचा होता.  सवयीनं वाळू बघितली. मागच्या कोपऱ्यात, गोळ्याच्या आडोशाला, काहीतरी पडलं होतं. आवळ्याच्या बीएवढं, तपकिरी, गोल. मला वाटलं, आणखी एक तुकडा सुटून पडला. डोळे भरून आले. उचलावं असं मनात आलं, पण बंदी आठवली. हात मांडीखाली घातले.

दहाला दिवा लागला. बावीस फुलं वर आली. मी त्यांच्याकडे बघत नव्हते. मी त्या बीकडे बघत होते, कारण ते हललं होतं.

त्याच्या अंगावर एक टोक आलं. माझ्या करंगळीच्या नखाच्या चतकोराएवढं. थांबलं. पुन्हा वर आलं आणि फुललं. मग दुसरं. मग तिसरं, चौथं, पाचवं. एवढ्याशा बीवर पाच फुलं. त्यांच्या देठात उजेड आरपार दिसत होता. मी चष्मा पुसला आणि काचेला कपाळ टेकून मोजलं. दोनदा चुकले. चोवीस! एवढ्याशा जिवालाही चोवीस! त्याला कोणी शिकवलं? ज्या पाण्यात मी विष कालवलं त्याच पाण्यात ते जन्मलं आणि दिवा लागल्यावर काय करायचं ते त्याला आधीपासून माहीत होतं. मी हात जोडले. कोणाला ते मला माहीत नाही. हे मागे येऊन उभे राहिलेले मला कळलंच नाही. ते फक्त म्हणाले, "अगं बाई!" त्यांच्या तोंडून माझा शब्द.

एमनराव अकराला आले. अंगानं निम्मे झालेले. रेवतीनं हात धरला होता. मी दारातच त्यांना अडवलं. इंग्रजी मी चार दिवस पाठ केलं होतं, ते सगळं उडालं. मी छातीवर हात ठेवून म्हणाले, "मी. आय गिव्ह. टू मच. आय डू." आणि पुढचं मराठीतच बोलत सुटले, गोळ्या, साखर, घास, सगळं. रेवती एकेक वाक्य इंग्रजीत सांगत होती. एमनरावांनी मधे कुठेच "इट्स ग्रँड" म्हटलं नाही. ते टाकीसमोर जाऊन उभे राहिले आणि त्या पांढऱ्या हाडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मी तुम्हाला एकच गोष्ट सांगितली होती."

ते खरं होतं.  मी कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

त्यांना आधी दिसलं नाही. मग दिसलं. ते छातीवर टाके असताना गुडघ्यांवर बसायला लागले. रेवती "नो, एमन!" म्हणून ओरडली, ते ऐकेनात. काचेपासून चार बोटांवर चेहरा नेऊन त्यांनी श्वास रोखला. त्यांच्या ओठांची हालचाल मी ओळखली. ते मोजत होते.

मग ते बोलले आणि रेवती मराठीत सांगत गेली. म्हणाले, ही जात क्वचित, फार क्वचित, अंगावर पिल्लू धरते आणि वाळूत सोडते. मॉरीननं ते कुठेतरी वाचलं होतं. त्यांना मूलबाळ झालं नाही. ती रोज सकाळी चहाच्याही आधी टाकीशी जायची आणि वाळू बघायची. अकरा वर्षं. शेवटी हॉस्पिटलात असतानाही फोनवर विचारायची, बघितलीस का रे वाळू? तिला एकदाही दिसलं नाही.

कपाटाच्या दारावरची ती शेवटची ओळ मला तेव्हा कळली. मी तीन आठवडे तिच्या जागेवर बसून तीच वाट बघत होते आणि मला ठाऊक नव्हतं. मी रडले, मोठ्यानं, लाज न बाळगता. एमनरावही रडले. आमचे हे खिडकीपाशी जाऊन बाहेरचा पाऊस बघायला लागले, म्हणजे तेही.

त्यांनी मला माफ केलं असं ते म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही. थोड्या वेळानं ते भिंत धरत स्वयंपाकघराच्या दारात गेले, वळले आणि म्हणाले, "टी?" एकदाच. पुढे काही नाही. मी पहिल्याच झटक्यात "यस" म्हटलं. आणि त्यांनी बशीत एक बिस्कीट ठेवलं, ते मी खाल्लं.

दुसऱ्या दिवशी दहाला आमची बेल वाजली. एमनराव दारात, हातात ती तपकिरी बाटली. छातीमुळे हात वर जात नाही, त्यांनी खुणेनं दाखवलं. हे पुढे झाले, तर त्यांनी ह्यांना बाजूला केलं आणि बाटली माझ्यापुढे धरली.

मी टाकीशी गेले. वर ती बावीस, खाली ती पाच, सगळी उघडी. मी एक खाच ओतली. ती पाच फुलं इतकी लहान होती, आणि माझा हात, काय सांगू, आणखी थोडा तिरपा व्हायला निघालाच होता. मी बाटली सरळ केली आणि बूच लावलं.